पत्र्याच्या डब्याचं तुणतुणं : एकच सूर, पण खरा

प्रश्न असा आहे : सहावीतल्या मुलीला कार्यानुभवासाठी घरातल्या वस्तूंपासून एक वाद्य करून न्यायचं आहे. बुटांच्या खोक्याला रबरबँड लावून ‘गिटार’ केली. दिसायला छान झाली, पण आवाज जेमतेम येतो आणि सूर काही लागत नाही. कमी खर्चात, खरोखर वाजणारं आणि मुलीला त्याच्या सोबतीनं गाता येईल असं काही करता येईल का?

करता येईल. तुणतुणं करा.

मी वाद्यदुरुस्तीचं काम करतो आणि शाळांमधून मुलांबरोबर वाद्यं बनवतो. ‘टाकाऊतून टिकाऊ’ म्हणून समोर येणारी बहुतेक वाद्यं रंगवलेली, चकचकीत आणि मुकी असतात. त्यात मुलांचा दोष नाही. सात सुरांचं काहीतरी करायचं असा हट्ट मोठ्यांचा असतो आणि त्यापायी एकही सूर धड लागत नाही. तुणतुण्याला एकच तार असते, एकच सूर. तो मात्र मुलीच्या गळ्याला जुळवून पक्का लावता येतो. त्यावर ती पोवाडा म्हणू शकते, ओवी म्हणू शकते, अभंगही म्हणू शकते. शाळेत वाद्य दाखवायचं तर ते वाजवून आणि गाऊन दाखवावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी तुमची खोक्याची गिटार का वाजली नाही ते सांगतो, कारण पुढची सगळी रचना त्यातूनच ठरते. रबराची दोन दुखणी आहेत. पहिलं म्हणजे रबर स्वतःच कंप गिळून टाकतं. छेडल्यावर हलतं, पण ती हालचाल आतल्या आतच विरते. दुसरं दुखणं जास्त मजेदार आहे. तार ताणली की सूर चढतो हे आपण गृहीत धरतो. रबर ताणलं की ताण वाढतो खरा, पण त्याच वेळी ते लांबही होतं. ताण सुराला वर ओढतो, लांबी खाली ओढते, आणि सूर जवळपास होता तिथेच राहतो. रबरबँड बोटांत धरून छेडा आणि हळूहळू दुप्पट ताणून पाहा, लगेच कळेल. म्हणून रबरबँड सुरात लावायला बसलं की माणूस वैतागतो. त्यात पुठ्ठ्याचं खोकं म्हणजे जाड, मऊ भिंती. त्या हवेला ढकलतच नाहीत.

वाद्याला म्हणून दोनच गोष्टी लागतात. न ताणली जाणारी, कडक, बारीक तार. आणि त्या तारेनं हलवता येईल असा पातळ, मोठा पृष्ठभाग. तार एकटी जवळजवळ निःशब्द असते, कारण ती इतकी बारीक असते की हवा तिच्या दोन्ही बाजूंनी निसटून जाते. तुणतुण्यात ही अडचण फार सरळपणे सोडवली आहे. लाकडी पोकळ नळकांडं, त्याच्या खालच्या तोंडावर चामड्याचा पडदा, वरचं तोंड उघडं, आणि बाजूला बसवलेली वेळूची काठी. तार पडद्याच्या मधोमध भोक पाडून अडकवलेली असते. ती नळकांड्याच्या पोकळीतून वर येते आणि काठीच्या टोकाच्या खुंटीला गुंडाळली जाते. सतारीसारखी घोडी (तार टेकवायची पट्टी) नाही, तबली (वरची लाकडी फळी) नाही. तार थेट पडद्यालाच ओढून धरते. घरात करायला याच्याइतकं सोपं आणि दाद देणारं तंतुवाद्य मला तरी माहीत नाही.

पुष्कळ जण एकतारी सुचवतील. एकतारी मलाही आवडते, पण ती भोपळ्याची. कडू भोपळा पूर्ण वाळायला महिने लागतात, आणि वर घोडी नीट बसली नाही तर तार नुसती खरखरते. शाळेच्या मुदतीत ते बसणार नाही.

आता सामान. डबा पत्र्याचा हवा. दूधपावडरचा किंवा किलोभर रसगुल्ल्यांचा डबा उत्तम. तोंड साधारण १० सेंटिमीटर रुंद, उंची १२ ते १५ सेंटिमीटर. प्लास्टिकची बरणी घेऊ नका, आवाज मरतो. दूधपावडरच्या डब्याला वरून प्लास्टिकचं झाकण येतं, ते पडदा म्हणून वापरायचा मोह होईल. तेही नको, फार मऊ असतं.

काठी वेळूची, ७० ते ७५ सेंटिमीटर लांब, अंगठ्याएवढी जाड. पूर्ण वाळलेली घ्या. हिरवट काठी तारेच्या ओढीनं वाकत जाते आणि सूर रोज उतरतो. काठी निवडताना एक गाठ वरच्या टोकाजवळ येईल अशी बघा. खुंटीचं भोक त्या गाठीच्या लगत पाडायचं असतं, म्हणजे बांबू उभा चिरत नाही. वेळू मिळाला नाही तर जुन्या झाडूचा लाकडी दांडा चालेल. पोकळ ॲल्युमिनियमचा दांडाही चालतो, पण त्यात खुंटी धरत नाही, बोल्ट लावावा लागतो.

तार म्हणून गिटारची सर्वांत बारीक, म्हणजे पहिली तार घ्या. वाद्यांच्या दुकानात ती सुटी मिळते. जाडी पाव मिलिमीटर, लांबी मीटरभर, आणि तिच्या एका टोकाला छोटा पितळी मणी असतो. हा मणी आपलं निम्मं काम वाचवतो, कसं ते पुढे येईलच. दुकान जवळ नसेल तर सायकलच्या जुन्या ब्रेक-केबलची एक बारीक तार उलगडून वापरता येते. ती आधी पीळ काढून सरळ करून घ्या. मासेमारीचा तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोराही चालतो. त्याचा आवाज मऊ आणि बसका, पण तुटला तर लागत नाही, म्हणून अगदी लहान मुलांसाठी मी तोच देतो. तंगूसाची एकच कटकट, तो पहिले दोन-तीन दिवस सैल होत राहतो.

याखेरीज कोटाचं मोठं बटण, दोन नटबोल्ट, चार मोठे वायसर, लाकडी फूटपट्टीचा तुकडा आणि रबरी गम. खुंटीसाठी कडक लाकडाचा बोटभर तुकडा.

पडदा कशाचा करायचा यावर थोडं थांबतो, कारण वाद्याचा स्वभाव इथे ठरतो. सगळ्यांत सोपं म्हणजे डब्याचा तळच पडदा मानायचा. तळाच्या मधोमध खिळ्यानं भोक पाडलं की झालं, कापाकापी नाही. डब्याच्या तळाला गोल वळ्या दाबलेल्या असतात, त्यानं पत्रा ताठ होतो आणि आवाज टणटणीत, थोडा कर्कश येतो. पण येतो मोठा. पहिल्यांदा करत असाल तर हाच मार्ग धरा.

त्याहून गोड आवाज हवा असेल तर तळ कापून एक्स-रेची जुनी फिल्म लावा. घरोघरी कुणाच्या तरी गुडघ्याची फिल्म कपाटावर पडलेली असतेच. डबे उघडायच्या कटरनं तळ आतून कापायचा, पण कडेला बोटभर पट्टी शिल्लक ठेवायची. ही कापणी मोठ्या माणसानंच करावी. कापलेली कड पकडीनं आत दुमडून, ठोकून, वर कानस मारावी, नाहीतर बोट कापतं आणि फिल्मही. मग फिल्मची डब्याच्या तळाएवढी चकती कापा, दोन थर घ्या आणि त्या पट्टीवर बाहेरच्या बाजूनं रबरी गमनं चिकटवा. बाहेरच्या बाजूनं हे महत्त्वाचं. तार पडद्याला आत, वरच्या दिशेनं ओढणार आहे. चकती बाहेरून बसवली की तारेचा ताणच तिला पट्टीवर दाबून धरतो. आतून चिकटवलीत तर तोच ताण तिला उखडून काढेल.

आणि खराखुरा चामड्याचा आवाज ऐकायचा असेल तर ढोलकी-तबला दुरुस्त करणाऱ्याकडे जुनी, उतरवलेली पुडी, म्हणजे तोंडावरचं चामडं, मागा. शाई, म्हणजे काळा गोल ठिपका, नसलेला भाग कापायचा, तासभर पाण्यात भिजवायचा, ओला असताना डब्याच्या तळाच्या बाहेरून ओढून सुतळीनं घट्ट आवळायचा आणि सावलीत वाळू द्यायचा. वाळताना चामडं आकसतं आणि आपोआप ताठ होतं. उन्हात ठेवलंत तर कडेनं तडकेल. आवाजाच्या बाबतीत याला तोड नाही, पण पावसाळ्यात हेच चामडं ओल धरतं आणि सूर उतरवतं. कार्यानुभवाची तारीख जुलै-ऑगस्टमध्ये असेल तर एक्स-रेची फिल्मच बरी.

काठी जोडताना बहुतेकांची तारांबळ उडते. काठी डब्याच्या बाहेरून, उभी, खालचं टोक तळाच्या कडेला बरोबर येईल अशी लावायची. तळाखाली गेली तर वाद्य टेकवता येत नाही, पडद्यावर आली तर आवाज दबतो. काठीचा जो भाग डब्याला टेकणार तेवढा चाकूनं किंचित सपाट करून घ्या, म्हणजे ती घरंगळत नाही. दोन बोल्ट, एक तळापासून दोन बोटं वर, दुसरा उघड्या कडेपासून दोन बोटं खाली. डब्याचा पत्रा फार पातळ असतो, नुसत्या बोल्टनं तो आत दबतो आणि काठी डुगडुगते. म्हणून डब्याच्या आतून फूटपट्टीचा तुकडा उभा लावायचा आणि बोल्ट काठी, पत्रा, फूटपट्टी असे तिन्हींतून आरपार घालून वायसरसकट आवळायचे. ही पट्टी टाळून केलेलं तुणतुणं हमखास सैल होतं. ड्रिल नसेल तर बाइंडिंग वायरनं दोन ठिकाणी करकचून बांधलं तरी चालतं, फक्त तारेची टोकं आत वळवून टाका.

खुंटी. तिच्यामुळे वाद्य वाजवण्याजोगं होतं किंवा नुसतं खेळणं राहतं. वेळूच्या वरच्या टोकाजवळ, गाठीलगत, पुढून मागे आरपार भोक पाडा. पुढून म्हणजे जिकडे डबा आहे त्या बाजूनं. भोक एकसारखं नको, मागे थोडं मोठं आणि पुढे थोडं लहान असं गोल कानशीनं उतरतं करायचं. खुंटीही तशीच निमुळती तासायची. तिची जाड मूठ मागे राहील आणि बारीक टोक पुढे दोन-तीन सेंटिमीटर बाहेर येईल. त्या टोकाला तार ओवण्यापुरतं बारीक भोक. खुंटी आणि भोक दोन्ही निमुळती असली की मूठ आत दाबत फिरवल्यावर खुंटी आवळते. घसरत असेल तर तिच्यावर खडू घासा. अडकत असेल तर कोरडा साबण. खुंटीवाली सगळीच वाद्यं असल्या साध्या उपायांवर चालतात. तासायचा कंटाळा असेल तर वाद्यांच्या दुकानात तयार खुंटी मिळते, ती आणून तिच्या मापाचं भोक पाडा.

आता तार चढवा. मण्याचं टोक खाली ठेवून तारेचं मोकळं टोक आधी बटणाच्या एका भोकातून घाला. मणी बटणाच्या भोकातून जात नाही, तिथेच अडकतो, म्हणून गाठ मारावी लागत नाही. पोलादी तारेला गाठ मारली की ती गाठीपाशीच तुटते. बटणातून आलेली तार पडद्याच्या मधल्या भोकातून आत, डब्याच्या पोकळीतून वर आणि खुंटीपर्यंत. बटण पडद्याला खालून टेकलं पाहिजे. फिल्म किंवा चामडं असेल तर बटण आणि पडदा यांच्यामध्ये जाड कापडाची रुपयाएवढी चकती घाला, नाहीतर बटणाची कड पडद्याला हळूहळू कापते. वर तार खुंटीच्या भोकात ओवून चार-पाच वेढे घ्या, प्रत्येक वेढा काठीच्या अंगाला सरकवत. वेढे टोकाकडे गेले तर तार घसरून सुटते. तार कुठेही डब्याच्या कडेला घासत नाही ना हे बघा. ती मध्यातून निघून तिरकी काठीकडे जाते, त्यामुळे कडेपासून चांगली लांब राहायला हवी.

तार ताणताना चष्मा लावा, मुलीलाही लावा. नंबरचा नसला तरी चालेल, उन्हाचा लावा. पाव मिलिमीटरची तार तुटताना डोळ्यापर्यंत पोचते आणि यात चेष्टा नाही.

किती ताणायची? फ्रान्समधल्या मर्सेन नावाच्या धर्मगुरूनं १६३६ साली तारेचे नियम छापून ठेवलेत, ते इथे जसेच्या तसे लागू पडतात. लांबी निम्मी केली की सूर बरोबर एक सप्तक चढतो. लांबी तीच ठेवून सप्तक चढवायचं तर ताण चौपट लागतो. आपल्या तुणतुण्यात पडद्यापासून खुंटीपर्यंत ६० सेंटिमीटर तार धरू. पाव मिलिमीटरच्या पोलादी तारेला काळी चार (पेटीची चौथी काळी पट्टी), म्हणजे साधारण २०८ हर्ट्झ, सेकंदाला २०८ कंप, लावायची तर अंदाजे अडीच किलोचा ताण लागतो. त्याच्या वरच्या पांढरी एकला, २६२ हर्ट्झला, चार किलो. डब्याचा तळ हे सहज सोसतो. फिल्म अडीच-तीन किलोपर्यंत निवांत असते, चार किलोला ती आत ओढली जाऊन वाटीसारखी दिसायला लागते. चामडं नीट आवळलेलं असेल तर काहीच बोलत नाही. आणखी वर चढवायचं असेल तर ताण वाढवू नका, खुंटीचं भोक खाली घेऊन तार आखूड करा.

सहावीतल्या मुलीचा षड्ज, म्हणजे ‘सा’, बहुधा काळी चार-पाचच्या आसपास असतो, पण बहुधावर विसंबू नका. तिला एखादं ओळखीचं गाणं कशाचीही साथ न देता, आपल्या मनानं म्हणायला सांगा. ती जिथे सहज सुरू करेल तिथला ‘सा’ मोबाइलवरच्या तानपुऱ्याच्या ॲपवर शोधा. मग ॲप चालू ठेवून तार छेडत खुंटी फिरवा. तार सुराच्या जवळ आली की दोन्ही आवाज मिळून लाटा उठल्यासारखे व्हायला लागतात, ववव असे. लाटा हळू होत होत थांबल्या की सूर लागला. हे मुलीला स्वतःच्या कानानं करू द्या. ट्यूनरच्या काट्याकडे बघून लावलेला सूर आणि लाटा ऐकून लावलेला सूर मोजमापात एकच असेल, पण दुसऱ्या वेळी तिचं ती लावू शकेल. सतार-तानपुरे ज्या मिरजेत घडतात तिथेही हे काम शेवटी कानावरच येऊन थांबतं. तिथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते त्या हातांना आणि कानांनाच मिळालं असं मी समजतो.

नवी तार लावल्यावर सूर उतरत राहील. बोटानं तार मधोमध हलकेच दोन-चारदा ओढा, पुन्हा सुरात लावा, पुन्हा ओढा. वेढे आवळले आणि बटण जागेवर बसलं की सूर थांबतो.

छेडायला जुन्या बाद एटीएम कार्डाचा त्रिकोणी तुकडा कापा, किंवा लाकडाची छोटी चपटी काडी घ्या. नुसत्या बोटानंही वाजतं, पण पोलादी तार बोटाला रुतते. डबा मांडीवर किंवा काखेत दाबून काठी डाव्या हातात धरायची आणि उजव्या हातानं तार डब्याच्या तोंडाच्या थोडी वर छेडायची. काखेत धरताना तळाचा पडदा अंगाला टेकू देऊ नका, सगळा आवाज तिथेच मरतो. डब्याच्या अगदी जवळ छेडलं तर आवाज पातळ आणि टोकदार, वर मधोमध छेडलं तर गोल. हे मुलीला सांगू नका, तिचं तिला सापडू द्या.

एक गंमत मात्र सांगण्यासारखी आहे, आणि सहावीच्या विज्ञानाच्या बाईंनाही ती आवडेल. सूर दाखवणाऱ्या ट्यूनरच्या ॲपवर बघाल तर तुणतुण्याच्या आवाजात वरच्या सप्तकातला सूर चांगलाच ठळक दिसतो, कधीकधी ॲप मूळ सुराऐवजी तोच दाखवतं. कारण तारेच्या बसवणुकीत आहे. सतारीत तार घोडीवरून तबलीला समांतर जाते. इथे ती पडद्याला जवळपास काटकोनात ओढते. तार डावीकडे झुकली की थोडी जास्त ताणली जाते आणि पडद्याला आत खेचते. मध्यावर आली की सैल. उजवीकडे गेली की पुन्हा ताण. म्हणजे तारेच्या एका पूर्ण हेलकाव्यात पडद्याला दोन हिसके बसतात आणि पडदा तारेच्या दुप्पट वेगानं हलतो. दुप्पट वेग म्हणजे वरचं सप्तक. तार थोडी तिरकी असल्यामुळे मूळ सूरही ऐकू येतोच, आणि दोन्ही मिळून तुणतुण्याचा तो चिरका, गर्दीतूनही ऐकू येणारा आवाज होतो. सी. व्ही. रामन यांनी त्यांच्या सुरुवातीच्या काळात, १९०९ मध्ये, एकताऱ्यावर लेख लिहिला होता. बंगालच्या एकताऱ्यातही तार अशीच पडद्यातून निघते. नोबेल मिळवणाऱ्या माणसाला ज्याच्यावर लिहावंसं वाटलं त्याच जातीचं वाद्य आपण डब्यातून करतो आहोत, हे प्रकल्पवहीत लिहायला हरकत नाही.

प्रकल्पवहीत आणखी काय लिहावं असाही प्रश्न येईलच. इंटरनेटवरून ‘वाद्यांचे चार प्रकार’ उतरवण्यापेक्षा हे वाद्य कुणाच्या हातात असतं ते लिहा. गोंधळात संबळाच्या जोडीला तुणतुणं असतं. शाहीर पोवाडा म्हणतो तेव्हा त्याच्या हातात डफ आणि मागे झीलकऱ्याच्या, म्हणजे मागून सूर ओढणाऱ्या साथीदाराच्या, हातात तुणतुणं. तमाशात ढोलकी, हलगी, झांज आणि तुणतुणं, आणि ते वाजवत ‘जी जी रं जी’ ओढणारे सुरत्ये. एकाच वाद्यानं सूर आणि ठेका दोन्ही द्यायचे, म्हणून ते नुसतं तानपुऱ्यासारखं संथ छेडत नाहीत, लयीत वाजवतात. तुमच्या मुलीनंही तसंच वाजवावं. टाळी देत गाणं म्हणायचं आणि टाळीच्या जागी तार छेडायची, मग हळूहळू दोन टाळ्यांच्या मध्ये आणखी एक. यल्लम्माच्या जोगत्यांचं चौंडकं तुम्ही कोल्हापूर-सांगलीकडे पाहिलं असेल, तेही याच कुळातलं. आणि बंगालच्या गोपीयंत्रात काठीऐवजी बांबूच्या दोन पट्ट्या असतात. त्या दाबल्या की तार सैल होते आणि सूर खाली घसरतो. आपली काठी बारीक असेल तर ती डब्याकडे किंचित दाबून तोच परिणाम थोडाफार मिळतो. मुलांना हा भाग सर्वांत जास्त आवडतो आणि शिक्षकांना सर्वांत कमी.

काही बिघाड नेहमीचेच. खरखर येत असेल तर आधी तारेचं खुंटीबाहेर उरलेलं टोक बघा, ते काठीवर थरथरत असतं. कापून टाका. मग बोल्ट, मग डब्याची दुमडलेली कड, आणि तरीही खरखर असेल तर बटण पडद्याला पूर्ण टेकलेलं नसेल. आवाज ठसका लागल्यासारखा लगेच विझत असेल तर पडदा सैल आहे किंवा हात डब्यावर दाबून धरला आहे. डबा हातानं कमी धरा, काठी जास्त धरा. छेडताना सूर वर-खाली डुलत असेल तर काठी बारीक आहे किंवा डब्याशी हलते आहे, आत ती फूटपट्टी आहे ना बघा. तार सारखी एकाच जागी तुटत असेल तर तिथे धार आहे. बहुतेकदा खुंटीच्या भोकाची कड असते, सँडपेपर फिरवला की काम होतं.

रंगकाम शेवटी, आणि पडदा सोडून. डब्यावर वारली चित्रं काढा, काठीला लोकर गुंडाळा, काही करा. पण फिल्मवर किंवा तळावर ऑइलपेंटचा जाड थर दिलात तर पडदा जड होतो आणि आवाज बसतो. चिकटवलेले मणी, घुंगरं तळाला नकोत. घुंगरं लावायचीच असतील तर काठीच्या वरच्या टोकाला लावा, ठेक्याबरोबर वाजतील.

वर्गातल्या कुणाला सात सूरच हवे असतील तर त्यासाठी तारेच्या मागे लागू नका, हवेचं वाद्य करा. वायरिंगच्या प्लास्टिक पाइपचे तुकडे, खालून बुचानं बंद, वरून बाटलीसारखी फुंकर. एका टोकाला बंद नळीत वरच्या पांढरी एकला, ५२३ हर्ट्झला, साधारण साडेसोळा सेंटिमीटर हवेचा स्तंभ लागतो. तो ‘सा’ धरला तर पंचमाला, म्हणजे ‘प’ला, त्याच्या दोन तृतीयांश, तार षड्जाला, म्हणजे वरच्या ‘सा’ला, निम्मा. पाइप थोडे लांबच कापा आणि बूच आतबाहेर सरकवून सूर लावा. त्याहूनही स्वस्तात हवं तर पेयाच्या नळीचं टोक चपटं करून दोन तिरके काप दिले की पुंगी वाजते. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत काम केलेल्या अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकवणारी जी खेळणी देशभर पोचवली, त्यांत ही पुंगी आहे. वाजत असतानाच कात्रीनं नळी कापत गेलं की सूर चढत जातो. घरात हे एकदा कळलं की दोन दिवस शांतता मिळणार नाही, तेवढी तयारी ठेवा.

तुणतुणं शाळेत नेण्याआधी आदल्या रात्री खुंटी दोन फेरे सैल करा. रात्रभर ताणात राहिलं तर नव्या फिल्मचा गम सरकू शकतो, आणि बसच्या गर्दीत ताणलेल्या तारेला धक्का लागला तर तुटते. वर्गात गेल्यावर पुन्हा लावायला मुलीला तानपुऱ्याचं ॲप लागेल, आणि शाळेत मोबाइल चालत नसेल तर बाईंना पेटीवर काळी चार धरायला सांगायचं. जास्तीची एक तार, बटणातून आधीच ओवून, कागदात गुंडाळून दप्तरात ठेवून द्या. बटण आणि कापडी चकती तिच्यासोबतच असू दे, कारण तार तुटली की हे दोन्ही बाकाखाली कुठेतरी जातात.